लाईट जाऊन लगीच आली की

दिवाळीचे आकाशकंदील उतरायच्या आत मानवतच्या हवेत कापूस तरंगायला लागतो. सरकी काढणाऱ्या जिनिंगकडून वारा असला की तुळशीवर, तारेवरच्या टॉवेलवर, चहाच्या कपात, सगळीकडे त्याचे तंतू. फुगलेले टेम्पो रस्त्याकडेच्या बाभळींना घासत जातात आणि काट्याकाट्याला पांढरं काहीतरी अडकून राहतं. नव्या माणसाला वाटावं बाभूळ फुलली. आम्हाला माहीत असतं, बाभळीचं फूल पिवळं असतं.

या दिवसांतला वास मला अजून नीट सांगता येत नाही. सरकीचा तेलकट, धुळीचा कोरडा, आणि त्याच्या खाली काहीतरी उबदार. उन्हात तापलेली गादी झटकल्यावर येतो तसा. पुण्यात असताना तो कितीही आठवायचा म्हटला तरी आठवत नाही. परवा गावी आले, बसमधून पाय खाली ठेवला, आणि तो आला. त्याच्याबरोबर तीन वर्षांपूर्वीचा हंगामही आला. लोकांना लहानपणीचे, लग्नाच्या आधीचे असे हंगाम आठवतात. मला हा आठवतो. माझ्या हातून काय झालं होतं, ते मला त्या हंगामात कळलं.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. आमची कंपनी गोदामांसाठी एक डबा बनवते. कापसाच्या गंजीत, हळदीच्या पोत्यांत सेन्सरची लांब वायर खुपसायची. आत ऊब वाढली की डबा मालकाच्या मोबाईलवर इशारा देतो. डब्याच्या पोटात एक छोटा संगणक असतो, आणि त्या संगणकाचा सगळा कारभार ज्याच्या हातात असतो त्याला कर्नल म्हणतात. माझं काम त्या कर्नलवर. आईनं हे शेजारी एकदा अभिमानानं सांगितलं, तेव्हापासून आमच्या गल्लीत बऱ्याच जणांची समजूत आहे की वैशाली सैन्यात आहे. एका काकांनी तर मला सीमेवरची थंडी कशी असते, हेही विचारलं होतं.

कर्नलचीही कामं पुष्कळ. त्यातलं माझ्याकडे मेमरीचं. मेमरी सारख्या आकाराच्या तुकड्यांत वाटलेली असते, त्यांना आम्ही पानं म्हणतो. एखाद्या कामाला पान लागलं की कर्नल देतो, काम झालं की परत घेतो आणि दुसऱ्याला देतो. इतकं साधं आहे. पण परत घेतलेल्या पानावर आधीचा कुणी अजून लिहीतच बसला असेल, तर दुसऱ्याचं लिखाण बिघडतं. मग कोसळतो तो दुसरा. बिघडवणारा केव्हाच आपल्या कामाला लागलेला असतो. म्हणून या प्रकारच्या चुका शोधणं अवघड. जिथं प्रेत पडलेलं असतं तिथं खुनी नसतो. हे मी नव्या मुलामुलींना शिकवायचे. शिकवायचे, आणि स्वतः मात्र प्रेताशेजारी जो उभा दिसला त्याचा हात धरला.

त्याचं नाव सदानंद. पालमचा. आमच्या कंपनीत परभणी जिल्ह्यातले आम्ही दोघंच. तो आला तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, "ताई, तुमी मानवतच्या ना? मंग मला आता इथं करमंल." सेन्सरकडून आकडे घेणारा भाग, ज्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो, तो त्यानं लिहिला. हळू काम करायचा. प्रश्न फार विचारायचा. काहींना तो त्याचा कच्चेपणा वाटे. मलाही.

आमचे तीन डबे मानवतच्याच एका जिनिंगमध्ये लावलेले होते. माझ्या त्या हंगामाच्या आधीच्या हंगामात, वेचणी संपत आली असताना, तिथल्या गंजीला कडेनं आग धुमसली. मोठी नव्हती. पण तिथं काम करणाऱ्या रुक्मिणमावशीनं जळका कापूस दोन्ही हातांनी ओढून बाजूला केला आणि तिचे हात कोपरापर्यंत भाजले. डब्यानं इशारा दिलाच नव्हता. तो आदल्या दिवसापासूनच बंद पडलेला होता. हिरवा दिवा मात्र जळत होता, कारण त्या दिव्याला फक्त वीज कळायची, आतला संगणक जिवंत आहे की मेला हे कळायचं नाही.

कंपनीत बैठका झाल्या. डबा कोसळताना शेवटच्या ओळी लिहून ठेवतो. त्या आम्ही काढून पाहिल्या. आधीही काही डबे असेच कोसळले होते, त्यांच्याही ओळी होत्या. कधी नेटवर्कच्या भागात मेलेला, कधी फाइलींच्या, पण सगळ्यात जास्त वेळा सदानंदच्या ड्रायव्हरमध्ये. माझं मत विचारलं गेलं. मी म्हणाले, "ड्रायव्हर निष्काळजीपणे लिहिलेला वाटतो." एका बाईचे हात भाजलेले होते, सगळ्यांना कुणीतरी हवं होतं, आणि माझं वाक्य तयार होतं. मार्चमध्ये सदानंद गेला. काढून टाकलं असं कुणी म्हणालं नाही, करार वाढवला नाही एवढंच. जाताना तो माझ्या टेबलाशी आला नाही.

उन्हाळ्यात आम्ही ड्रायव्हर नव्यानं लिहिला. दिवाळीला डबे परत लावले. पहिल्याच आठवड्यात त्यातला एक मेला.

नेमकं त्याच वेळी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. आई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, घरात आम्ही दोघीच. महिनाभर घरून काम करायची परवानगी मागितली, तर आमचे प्रमुख म्हणाले, "तू मानवतमध्येच आहेस, तर जरा त्या जिनिंगमध्येही जाऊन बघ."

सकाळी आईचा व्यायाम, अंघोळ, चहा. मग दहाच्या सुमाराला लॅपटॉप घेऊन मी जिनिंगमध्ये. पहिल्या दिवशी फाटकातून आत गेले आणि समोर ती गंजी पाहिली. घराएवढी पांढरी. तिच्या पायथ्याशी बायका वाकून कापूस ओढत होत्या, डोक्याला फडकी गुंडाळलेली, भुवयांवर कापूस, पापण्यांवर कापूस. त्यातली एक माझ्याकडे आली. हातांवर कोपरापर्यंत फिकट, चकाकती कातडी. नाव विचारायची गरज नव्हती.

"तुमी डब्यावाल्या का?" तिनं विचारलं.

"हो."

"कुणाच्या?"

मी आईचं नाव सांगितलं. ती हसली. "माज्या लेकीला शिकवलंय बाईनी. बस माय. चहा घे." आणि तिनं त्याच हातांनी किटलीतून चहा ओतला. मी कप घेतला आणि डब्याकडे बघत राहिले.

आठ दिवस नुसतेच गेले. चुका पकडणारी जी तयार साधनं असतात ती मी चढवून पाहिली. एक तर त्या छोट्याशा संगणकाला त्यांचं ओझं पेलेना. आणि ती चढवली की डबा मरायचाच नाही. माझ्यासारख्या सगळ्यांना हा अनुभव आहे. पाहायला लागलं की चूक शहाण्यासारखी वागते. मग मी जुनी, गावठी युक्ती केली. कुणी पान परत केलं की त्यावर एकच खूण या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून ठेवायची. पुन्हा कुणाला देताना पाहायचं, खूण जशीच्या तशी आहे का. मधल्या काळात ते पान कुणाचंच नसतं, म्हणजे त्यावर कुणी लिहिलेलं असता कामा नये. पण खूणही बिघडेना. मी दिवसभर पडद्याकडे बघत बसे, केसांत कापूस जमा होई, आणि संध्याकाळी आई म्हणे, "आलीस का म्हातारी होऊन?"

नवव्या की दहाव्या दिवशी दुपारी डबा मेला. मला कळायच्या आत रुक्मिणमावशीला कळलं. ती लांबूनच म्हणाली, "गेला बग त्यो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"जीव असला की मिनिटामिनिटाला टक् करतो. आता न्हाई करायला." सेन्सर वाचताना आत एक छोटी पट्टी वाजते, तिचा तो आवाज. यंत्रांच्या एवढ्या घरघरीत मला तो कधी ऐकूच आला नव्हता. हात भाजल्यापासून ती तो कान देऊन ऐकत होती. दिव्यावर तिचा विश्वास उरला नव्हता.

मी लॅपटॉप बाजूला ठेवला. "मावशी, हा कधी मरतो?"

"लाईट जाऊन लगीच आली की."

"लाईट गेली की?"

"न्हाई गं. लय येळ गेली तर काई होत न्हाई ह्येला. बॅटरीवर चालतो. जाऊन लगीच आली, आशी डोळा मिचकावल्यावानी, की मंग त्या दिवशी न्हाईतर दुसऱ्या दिवशी मरतोच." आणि थोडं थांबून, "त्या टायमालाबी तसंच झालतं. मी मुकादमाला म्हनले होते. त्यो म्हनला, तुला काय कळतं."

आमच्या पुण्याच्या ऑफिसात वीज जातच नाही. म्हणजे जाते, पण इमारतीची सोय अशी की आम्हाला कळत नाही. नऊ महिने आम्ही जी चूक तिथं बसून शोधत होतो ती तिथं घडणं शक्यच नव्हतं.

डब्याला बॅटरी होती, गंजीतल्या सेन्सरला नव्हती. सेन्सरची वीज जिनिंगच्या लाइनीवरून. मी तिथल्या वायरमनकडून त्या लाइनीला एक साधं बटण लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बसले. बंद, चालू. बंद, चालू. अकराव्या खेपेला पडद्यावर ओळ उमटली. खूण बिघडली होती.

त्या पानावर काय लिहिलं गेलंय ते मी छापून घेतलं. जे पान कुणाचंच नव्हतं, त्यावर ओळीनं आकडे होते. एकतीस पूर्णांक चार. एकतीस पूर्णांक चार. एकतीस पूर्णांक पाच. मी मान वर करून गंजीकडे पाहिलं. तिच्या आतली ऊब होती ती. आकडे थेट पानावर उतरवणारी सेन्सरची चिप आपलं काम प्रामाणिकपणे करत होती, फक्त जिथं लिहायचं ती जागा आता तिची राहिली नव्हती.

मग उलटं चालत जायचं होतं. हे पान शेवटी परत कुणी केलं? सदानंदच्या जुन्या ड्रायव्हरनं नाही. नव्यानंही नाही. दोन्ही ड्रायव्हर ज्या भागाकडून पानं मागायचे, त्या भागानं. वाचन मधेच तुटलं, तर तो भाग पान लगेच परत करून टाकायचा. चिपचं लिहून झालंय का, याची वाट न बघता. वीज बराच वेळ गेली तर चिप सगळं विसरून नव्यानं सुरुवात करायची, काही बिघडायचं नाही. पण डोळा मिचकावल्यासारखी गेली, तर चिप विसरायची नाही, उरलेले आकडे जुन्या पत्त्यावर लिहून मोकळी व्हायची. आणि तोवर ते पान तिसऱ्याच कुणाला दिलेलं असायचं. मावशीनं सांगितलं होतं तंतोतंत तसंच.

कोडची प्रत्येक ओळ कुणी लिहिली याची नोंद आमच्याकडे राहते. मी ती काढली. पान लगेच परत करणारी ती ओळ पाच वर्षांपूर्वीची होती. शेजारी माझं नाव होतं. तिच्यावर एक छोटं टिपण होतं, तेही माझंच. "इथं थांबायची गरज नाही."

तेव्हा मला कसं वाटलं हे लिहायचा मी पुष्कळदा प्रयत्न केलाय. मला आधी आनंद झाला. खरंच. नऊ महिने छळणारी चूक सापडल्याचा, शुद्ध, कारागिराचा आनंद. तो अर्धा मिनिट टिकला असेल. मग मावशी चहाची किटली घेऊन येताना दिसली, आणि तो गेला.

घरी येऊन मी जुन्या मेल उपसल्या. मला काहीतरी अंधुक आठवत होतं, आणि ते खरं नसावं असं वाटत होतं. ते खरं होतं. आगीच्या चार महिने आधी सदानंदनं लिहिलं होतं, "ताई, वाचन मधेच तुटलं तर पान परत देण्याआधी थांबायला पाहिजे का? मला नीट कळेना झालंय." आणि खाली माझं उत्तर होतं. "तो भाग जुना आणि तपासलेला आहे. तू तुझ्या बाजूला बघ."

आपण क्रूर नसतो. घाईत असतो. त्या दिवशी मला जेवायला जायचं असेल, नाहीतर दुसरं काही. जुना आणि तपासलेला. तपासला कुणी होता? मीच.

आई पलंगावर पाय लांब करून बसली होती. मी ऑफिसला मेल लिहिली. आईला सवय आहे, मी काही लिहायला लागले की म्हणते, वाच. मेल इंग्रजीत होती, मी मराठीत करून सांगितली. "मेमरी परत करण्याच्या भागात एक त्रुटी आढळून आली असून ती दुरुस्त करण्यात येत आहे."

आई म्हणाली, "कुणाला आढळली?"

"मला."

"केली कुणी?"

मी लॅपटॉपचा पडदा जरा खाली केला.

"आढळून आली, करण्यात येत आहे. एवढं लांब वाक्य आणि त्याला कर्ता न्हाईच की गं. नववीच्या पोरांचे मी याला मार्क कापायचे." ती हसत म्हणाली होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. "वैशू, काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. सदानंदचं, मावशीच्या हातांचं, त्या मेलचं. शेवटी तिनं विचारलं, "हे तू सांगितलं न्हाईस तर कुणाला कळंल का?"

"नाही. दुरुस्त करून टाकलं की संपलं. जुनी नोंद उघडून कोण बघतंय?"

"मग लिही," ती म्हणाली. पुढे काही उपदेश केला नाही. चष्मा काढून पुसला आणि पाय हलवायला मदत कर म्हणाली.

आपल्या भाषेत किती सोय आहे, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. चूक झाली. कप फुटला. उशीर झाला. राहून गेलं. सगळं आपोआप होतं, कुणीच काही करत नाही. मी ते वाक्य खोडून नवीन लिहायला बसले आणि चार छोटी वाक्यं लिहायला मला तासभर लागला. चूक माझ्या कोडमध्ये आहे. ती मी पाच वर्षांपूर्वी केली. सदानंदनं मला तिच्याबद्दल विचारलं होतं, मी त्याचं ऐकलं नाही. त्याच्या ड्रायव्हरमध्ये दोष नव्हता.

प्रमुखांचा लगेच फोन आला. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "अगं, नावं कशाला? दुरुस्त कर आणि पुढे चल." मी म्हणाले, मेल सगळ्यांना गेली आहे. मग ते म्हणाले, "ठीक आहे. सदानंदला कंपनीकडून पत्र पाठवू."

पत्राआधी मला जायचं होतं. आईकडे शेजारच्या काकूंना बसवून दोन दिवसांनी मी निघाले. मानवतहून परभणी, परभणीहून गंगाखेडमार्गे पालम. खिडकीतून तूर दिसत होती, शेंगांनी वाकलेली, ज्वारी पोटऱ्यात आलेली. मी वाटभर वाक्यं जुळवत होते. एकही पुढं कामाला आलं नाही.

सदानंद त्याच्या मेव्हण्याच्या दुकानात बसत होता. ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. पीकविमा, दाखले, परीक्षांचे अर्ज. बाहेर पाचसहा माणसं कागदांच्या पिशव्या धरून उभी. त्यानं मान वर केली, मला पाहिलं, आणि उभा राहिला.

"मॅडम," तो म्हणाला. "तुमी इकडं?"

त्याच्या तोंडून ताई गेली होती. मी लोकांसमोरच बोलले. मला भीती होती की आत जाऊन बसले, पाणी प्याले, तर मी लांब वाक्यं बोलायला लागेन. "सदानंद, चूक तुझी नव्हती. माझी होती. तू मेलमध्ये विचारलं होतंस तीच."

त्याचा चेहरा हलला नाही. तो म्हणाला, "लॉग आणलाय का?"

मी डब्याच्या नोंदींचा लॉग उघडून लॅपटॉप काउंटरवर ठेवला. तो लोकांना म्हणाला, "पाच मिनिटं थांबा मामा," आणि वाचायला लागला. आकड्यांपाशी आला. एकतीस पूर्णांक चार. त्याचं बोट पडद्यावर तिथंच राहिलं. "हे सेन्सरचं हाय," तो स्वतःशीच म्हणाला. मग खाली, मग माझी ओळ, माझं टिपण. पाच मिनिटांची वीस झाली. शेवटी त्यानं लॅपटॉप हळू बंद केला.

"मी घरी सांगितलं होतं, माझी चूक झाली म्हणून," तो म्हणाला. "एका बाईचे हात भाजले माझ्यामुळं, असं. पयले पयले मला वाटायचं, माझी न्हाई. मंग तुमी म्हणल्यात म्हणजे असंल, असं वाटायला लागलं. मंग खरंच वाटायला लागलं. मी माझा कोड रोज मनात वाचायचो मॅडम. कुठं चुकलो सापडायचं न्हाई, तरी वाटायचं, हायच."

मी माफी मागितली. तिचं त्यानं काही केलं नाही. घेतलीही नाही, परतही केली नाही. फक्त म्हणाला, "वडलांना तुमी सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटंल, पोरगं मन राखायलंय."

त्याचे वडील शाळेत शिपाई होते, निवृत्त झालेले. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी सांगितलं ते त्यांना किती कळलं माहीत नाही. पानं, चिप, वीज. पण ते शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "बाई, ह्यानं नऊ महिने त्याचं लॅपटॉपचं मशीन उघडलं न्हाई. फॉर्म भरायलाबी मेव्हण्याचं घेतो." आणि मग आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मी तो चहा प्याले. नको म्हणायचा अधिकार मला नव्हता.

पुढच्या आठवड्यात सदानंद स्वतःहून मानवतला आला. दुरुस्ती तपासायला. बोलावलं नव्हतं मी. पहिल्या बसनं आला, पाठीवर त्याचा लॅपटॉप. आम्ही जिनिंगमध्ये बसलो. तो बटण दाबायचा, मी पडदा बघायचे. शंभर वेळा झालं, दोनशे वेळा झालं, खूण एकदाही बिघडली नाही. मी म्हणाले, "बास आता." तो म्हणाला, "न्हाई. सेन्सर गरम असताना करू." दुपारचं ऊन गंजीवर आल्यावर पुन्हा दोनशे. त्या दिवशी मला कळलं की तो हळू का काम करायचा.

कंपनीनं त्याला परत बोलावलं. तो गेला नाही. काही महिन्यांनी हैदराबादेत नोकरी लागली त्याला, याच कामाची. वर्षातून एखादवेळी तो माझा कोड वाचतो, मी त्याचा. तो माझ्या कोडवर फार कडक असतो. आमच्यात मैत्री झाली असं मी म्हणणार नाही.

पण हे सगळं सांगताना एक गोष्ट मागं राहते. दुरुस्ती झाल्यावर मी रुक्मिणमावशीला सांगायला गेले. तिच्याशेजारी सरकीच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "मावशी, डबा माझ्या चुकीमुळे मरत होता. तुमचे हात माझ्यामुळे भाजले."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. उलटे केले, सुलटे केले. "उन्हात लय चुणचुणत्यात," ती म्हणाली. मग विचारलं, "आता न्हाई ना मरायचा?"

"नाही."

"म्हंजी गंजी तापली की कळंल."

"कळेल. मालकांच्या मोबाईलवर येईल."

"मालक परभणीला ऱ्हात्यात," ती म्हणाली. "आमाला कसं कळंल?"

मी डब्याकडे पाहिलं. ती पुढं म्हणाली, "आन कळलं तर काय करायचं माय? इझवायचं का पळायचं? मागच्या टायमाला मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, कापूस जळाला तर आमालाच बोल लागंल. म्हनून हात घातला."

पाच वर्षं मी त्या डब्याच्या पोटात होते. कुठलं पान कुणाला दिलं, कधी परत घेतलं, चिप थांबली का, सगळं. डब्याशेजारी दिवसभर वाकून उभ्या असलेल्या बायकांना तो काय सांगणार, हा प्रश्न आमच्या एकाही बैठकीत आला नव्हता. मीही काढला नव्हता.

डब्याला घंटा जोडायला कंपनी तयार व्हायला वेळ लागला. कुणी म्हणालं, उगाच वाजली तर काम थांबेल. पण जोडली. गंजीच्या अगदी वर, खांबावर, मोठी, शाळेत असते तशी. आणि तिच्याखाली पत्र्यावर रंगानं लिहून घेतलं, घंटा वाजली की बाहेर पडा. मजकूर आईनं सांगितला. ती म्हणाली, याला कर्ता लागत नाही, आज्ञार्थ आहे.

दोन हंगाम ती वाजली नाही. यंदा, मी गावी निघायच्या आठ दिवस आधी, भर दुपारी पुण्याला ऑफिसात असताना रुक्मिणमावशीचा फोन आला. तिच्या मागं एवढा गलका होता की पहिली दोन वाक्यं कळलीच नाहीत. मशीनमध्ये खडा गेला होता, ठिणगी उडाली, गंजीच्या आत धुमसायला लागलं होतं. धूर अजून कुणाला दिसलाही नव्हता.

"घंटा वाजली," ती ओरडून सांगत होती. "आमी भायेर हाव."

"सगळ्या?" मी विचारलं.

"चवदा जनी. दोनदा मोजल्या मी."

मागून एक पुरुष जोरजोरात विचारत होता, कापसाचं काय, कापसाचं काय झालं. मावशीनं फोन तोंडापासून जरा लांब धरला असावा.

"त्ये तुमी बगा," मला तिचा आवाज ऐकू आला. "आमी भायेर हाव."